नर्सबाईंच्या सायकलीचा खरा रंग

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर शेडमास्तर जे आडवे झाले ते थेट चहाच्या वेळेला उठले. मध्ये दोनदा दाराची कडी वाजली, वरच्या मजल्यावर कोणीतरी पाट्याएवढे जड काहीतरी आपटले, पण मास्तरांनी कूस बदलली नाही. बायकोने दोनदा दारातून डोकावून पाहिले आणि दुसऱ्या वेळी हसू दाबत दार ओढून घेतले. अकरा दिवस या माणसाला धड जेवण गेले नव्हते की धड झोप लागली नव्हती. कारण विचारले तर 'काही नाही' यापलीकडे शब्द नव्हता. ते कारण काय होते आणि एका सकाळीत ते कसे नाहीसे झाले, तीच ही हकीकत.

शेडमास्तर हे त्यांचे खरे नाव नव्हे. बसगाड्यांच्या वर्कशॉपात रंगखात्यात शेड, म्हणजे रंगाच्या छटा, जुळवत चौतीस वर्षे काढल्यावर ते नाव त्यांना चिकटले, आणि चिकटले ते घरापर्यंत आले. बस कुठे घासून आली की पत्रा ठोकून सरळ करायचा आणि तेवढ्याच जागी जुन्याला जुळेल असा रंग लावायचा, हे त्यांचे काम. सबंध बस कोणीही रंगवील. हातभर जागेला जुना रंग लावणे अवघड, कारण नवा रंग डब्यातून येतो आणि जुना रंग ऊन, धूळ आणि धुणाऱ्याचे फडके यांतून तयार होतो. मास्तर डब्यावरचा क्रमांक वाचतच नसत. बोटभर पत्र्याच्या पट्टीवर रंगाचा ठिपका लावायचा, पट्टी बसला टेकवायची, चार पावले मागे जायचे आणि डोळे किलकिले करून पाहायचे. ठिपका दिसेनासा झाला की रंग झाला.

निवृत्तीनंतर त्यांनी घरापासून दहा मिनिटांवर अर्धे दुकान घेतले. उरलेल्या अर्ध्यात पंक्चर काढणारा बसे. तो दिवसभर सायकलींत हवा भरायचा, म्हणून मास्तर त्याला हवालदार म्हणत, आणि त्यालाही ते मनापासून आवडे. मास्तर जुन्या सायकलींचे उडालेले रंग जुळवून देत. जुन्या सायकलींचा नाद असलेली माणसे लांबून त्यांच्याकडे येत, कारण मास्तरांनी हात लावलेली सायकल हात लावल्यासारखी दिसत नसे.

मास्तरांचा एक नियम होता. सायकलीचा रंग कोणता, हे दुसऱ्याला कधी विचारायचे नाही. ते म्हणत, "न्हाव्यानं गिऱ्हाईकाला विचारलं, केस कुठं आहेत, तर गिऱ्हाईक खुर्चीत थांबेल का?"

या नियमामागे हसण्यासारखे काही नव्हते. मास्तरांचे थोरले भाऊ पाट्या रंगवत. त्यांचे अक्षर असे की माणसे उगाच थांबून वाचत. शेवटच्या दोन वर्षांत दादांचे डोळे उतरले आणि ते त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले नाही. एका दवाखान्याच्या पाटीवर त्यांनी लाल म्हणून विटकरी रंग लावला. दवाखान्यातले कोणी बोलले नाही. दादांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी चार दिवसांनी दुसरा रंगारी बोलावून तीच अक्षरे लाल करून घेतली. पुढे एकदा त्या पाटीखाली उभे राहून दादा धाकट्याला म्हणाले, "बघ, तीन महिने झाले, लाल कसा टिकलाय." मास्तर म्हणाले, "हो, टिकलाय." भावाशी ते आयुष्यात एकदाच खोटे बोलले, ते हे. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते की आपली नजर खोटे सांगू लागली तर त्याच दिवशी ब्रश खाली ठेवायचा. प्रश्न एवढाच होता की तो दिवस आपल्याला कळणार कसा? दादांना कुठे कळला होता?

आता नर्सबाईंकडे येऊ. त्या शनिवारी आल्या. सत्तरीच्या, ताठ, एका हातात सायकलीचे हॅण्डल आणि दुसऱ्या हातात पोटफुगी पिशवी. बत्तीस वर्षे त्यांनी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती, आणि माणसाला न विचारता त्याची नाडी बघावी तसे त्या सगळ्यांकडे बघत.

"मास्तर, ही माझी निळी सायकल," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सायकल पाहिली. बायकांची, वाकवलेल्या दांड्याची, पितळी घंटीची, चाळीस वर्षांची तरी असेल. आणि ती हिरवी होती. पोपटी नव्हे, पानासारखीही नव्हे. जुन्या काचेच्या बाटलीच्या बुडाला असतो तसा तिचा खोल हिरवा रंग होता.

"निळी," मास्तर म्हणाले. पुढचे प्रश्नचिन्ह त्यांनी गिळले.

"निळीच. हिच्यावरून ड्युटीला गेले, हिच्यावरूनच परत आले. आता नातीला द्यायचीय. पण ऐका, हिला नवी करायची नाही. टवके उडालेत तिथंच तेवढं लावा. मी कुणाला माझ्या सुरकुत्या काढायला सांगते का?"

"नाही."

"मग हिच्याही राहू देत. बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी येते."

त्या गेल्या. मास्तर सायकलीभोवती फिरले. पुढच्या नळीवर, पायडलजवळ बूट घासतो तिथे आणि मागच्या मडगार्डवर, असे मिळून सात टवके होते. त्यांनी धूळ पुसली, चष्मा पुसला, परत पाहिले. हिरवी. टवक्यांच्या कडेला केसाएवढी निळसर रेघ दिसत होती खरी, पण पूर्वीचे कारखाने अस्तराला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताला, निळसर रंग मारत हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. त्यांनी ती रेघ अस्तराच्या खात्यात टाकली आणि विषय मिटवला.

पण विषय मिटला नव्हता. शुद्धीत असलेली, धडधाकट बाई स्वतःच्या सायकलीला निळी म्हणते आणि आपल्याला ती हिरवी दिसते. दोघांतले एक चुकतेय. बाईंनी ती सायकल बत्तीस वर्षे चालवली आहे.

नियमामुळे सरळ विचारता येईना, म्हणून त्यांनी वाकड्या वाटेने विचारले.

"हवालदार, या सायकलला कोणत्या रंगाचं सीट शोभेल?"

"काळं."

"का बरं?"

"सीट काळंच असतं, मास्तर. ट्यूब काळी, टायर काळं, सीट काळं. माझं सगळं आयुष्य काळं आहे, मला कशाला विचारता?"

तिथे डाळ शिजेना. मग रंग जुळवून झाल्यावर सोमवारी त्यांनी ठिपक्याची पट्टी खिशात घालून घरी नेली आणि बायकोपुढे धरली.

"या रंगाचा स्वेटर कसा दिसेल गं?"

"कुणाला?"

"कुणाला नाही. नुसतं विचारतोय."

"एवढ्या उकाड्यात नुसता स्वेटर विचारताय?" तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "मला नाही आवडला. धड निळा नाही, धड हिरवा नाही. आणि तुम्ही भात का ठेवलात पानात?"

"काही नाही."

तरी काम त्यांनी चोख केले. टवक्याच्या कडा बारीक कागदाने उतरत्या केल्या, गंज खरवडला, अस्तर मारले आणि खारीच्या केसांच्या बारीक ब्रशने रंगाचे तीन पातळ हात दिले. दोन हातांच्या मध्ये एक-एक दिवस वाळवण. मग शनिवार, रविवार, सोमवार सायकल टांगून ठेवली. सोमवारी दहाच्या उन्हात चार पावले मागे जाऊन त्यांनी पाहिले तेव्हा सातपैकी एकही जागा त्यांना सापडली नाही. एरवी ते अशा वेळी स्वतःलाच एक चहा पाजत. त्या दिवशी त्यांच्या मनात आले की दादांनाही दवाखान्याच्या पाटीत काही चुकलेले सापडले नव्हते. बिघडलेल्या डोळ्याला दोन वेगळे रंग एकच दिसतात. मग जुळले याला पुरावा कोणता?

मंगळवारी राहिले होते ते शेवटचे काम. नव्या ठिगळाची चकाकी आणि जुन्याची चकाकी सारखी व्हावी म्हणून आजूबाजूला पॉलिशची पेस्ट हलक्या हाताने फिरवायची. हवालदाराकडे त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते.

"द्या इकडं. बसून बसून हाताला मुंग्या आल्यात."

"हलकं फिरव. आणि ठिगळांना हात लावू नकोस, अजून कच्ची आहेत."

"तुम्ही जेवून या. येईपर्यंत आरसा करतो."

मास्तर जेवायला गेले. जेवण गेले नाहीच, पण बायकोसमोर बसणे भाग होते. अडीच तासांनी ते परत आले आणि दुकानाच्या पायरीवरच थबकले.

सायकल निळी होती.

गडद, झळाळती निळी. आणि त्या निळ्या अंगावर त्यांची सात ठिगळे ओल्या भिंतीवरच्या शेवाळासारखी हिरवीगार उठून दिसत होती. चेनकव्हर तेवढे हवालदाराने सोडले होते, कारण मध्येच एक पंक्चर आले होते. पण मास्तरांची नजर तिकडे गेलीच नाही. त्यांना दिसली ती सात ठिगळे.

हवालदार बाहेर चाकातली ट्यूब ओढून काढत होता. त्याने मान वर केली, मास्तरांचा चेहरा पाहिला, मग सायकलीकडे पाहिले, आणि जरा थांबून म्हणाला, "वाळलं की बसेल, मास्तर. नवा रंग आहे."

हे तो चांगल्या मनाने बोलला. मास्तरांना मात्र त्यात 'हो, टिकलाय' हेच ऐकू आले. माणसे आपल्याशी गोड बोलू लागली, म्हणजे दिवस आला. त्यांनी ब्रश तेलात धुतले, फडक्यात गुंडाळले, खोक्यात घातले आणि खोक्याला दोरी बांधली. मरून रंगाची एक सायकल दाखवायला कोणी माणूस आला होता, त्याला त्यांनी "सध्या घेत नाही" म्हणून परत पाठवले. त्या रात्रीचे सांगण्यात अर्थ नाही.

बुधवारी नर्सबाई ठरल्या वेळी, दहाला पाच कमी असताना आल्या. मास्तरांनी त्यांच्यापुढे स्टूल ठेवले, पण स्वतः उभेच राहिले. त्यांनी बोलायचे ते पाठ करून ठेवले होते.

"बाई, सायकल बिघडवली मी. तुम्ही निळी म्हणालात, मला हिरवी दिसली. मी हिरवा लावला. माझी नजर गेली आहे. तुम्हाला दुसरा चांगला माणूस सांगतो, तिथं न्या. माझं काम आजपासून बंद."

हवालदाराच्या हातातला पंप थांबला.

नर्सबाई सायकलीकडे बघण्याऐवजी मास्तरांकडे बघत राहिल्या. मग पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी ती निम्मी टेबलावर ओतली. चष्म्याचे घर, किल्ल्या, औषधांच्या पट्ट्या, रिळे, रुमाल.

"बसा. ही गोळी कोणत्या रंगाची?"

"बाई, आता हे कशाला..."

"पेशंटनं बोलायचं नसतं. कोणत्या रंगाची?"

"गुलाबी. धुऊन धुऊन उतरतो तसला." मास्तरांनी पट्टी उजेडात धरली. "पण सारखी नाही. कडेला पिवळट पडलीय. शिळी आहे का?"

बाईंनी पट्टी घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवून पाहिली. "तारीख उलटून दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "रोज घेतेय मी ही." पट्टी त्यांनी हवालदाराच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. "हे दोन काळे दोरे बघा."

"हा काळा. तो काळा नाही, गडद निळा."

"दोन्ही काळेच आहेत."

"दारात जाऊन बघा."

बाई दारात गेल्या. बराच वेळ दोन्ही रिळे शेजारी धरून उभ्या राहिल्या. मग स्वतःच्या पिशवीचा तळ उलटा करून शिवण पाहिली. "तरीच," त्या म्हणाल्या. "सून म्हणत होती, तुमच्या पिशवीची शिवण विचित्र दिसते. मी तिलाच बोलले." त्या परत येऊन बसल्या. "मास्तर, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत. आमच्या वॉर्डात एकदा एका सकाळी अकराच्या अकरा बायकांना ताप. नवीन डॉक्टर घाबरले, धावाधाव. मी म्हटलं, आधी थर्मामीटर झटका. तोच बिघडला होता. तुमचा ताप अंगातला नाही. शनिवारपासून हिला काय काय केलं ते ओळीनं सांगा. गाळायचं काही नाही."

मास्तरांनी ओळीने सांगितले. धूळ पुसली, कडा उतरवल्या, अस्तर, तीन हात, वाळवण. "सोमवारी सगळं जुळलं होतं. म्हणजे, मला तसं दिसलं होतं. मंगळवारी दुपारी..." आणि ते थांबले. "मंगळवारी याने पॉलिश केलं."

दोघांनी हवालदाराकडे पाहिले.

"मी ठिगळांना हात नाही लावला," हवालदार म्हणाला. "बाकी मळ काढला. काय मळ होता पण. पेस्टनं हलेना, मग टर्पेंटाइन घेतलं. तीन फडकी गेली."

"हलकं फिरव म्हटलं होतं ना रे?"

"हलकंच फिरवत होतो. मग मळ निघायला लागला, तर म्हटलं आता अर्ध्यावर काय सोडायचं."

"फडकी कुठं आहेत?"

फडकी बादलीत होती. मास्तरांनी एक उचलून पसरले आणि ते दारात, उजेडात गेले. सायकलीचा मळ काळा असतो. तेल, धूळ आणि रबर यांचा काळा. फडक्यावर उतरले होते ते चहाच्या चोथ्यासारखे पिवळे-तपकिरी होते, आणि वाळून पापडासारखे कडक झाले होते. मास्तरांनी ते नाकाशी नेले.

"याला राळेसारखा वास येतोय," ते हळूच म्हणाले.

मग त्यांची नजर पहिल्यांदाच चेनकव्हरवर पडली. चेनकव्हर हिरवे होते. त्यांनी आपली ठिपक्याची पट्टी आणून त्यावर टेकवली. ठिपका दिसेनासा झाला. त्यांनी बोटाला फडक्याचे टोक गुंडाळले, टर्पेंटाइनमध्ये बुडवले आणि चेनकव्हरच्या कोपऱ्यावर रुपयाएवढ्या जागेत गोल गोल घासू लागले. मिनिटभर काही झाले नाही. मग फडके पिवळे झाले आणि हिरव्या चेनकव्हरवर निळा चंद्र उगवला.

"निळ्या रंगावर वॉर्निश आहे," मास्तर म्हणाले. "एक हात नाही, पाच-पन्नास हात. जुनं होऊन पिवळं पडलंय. निळ्यावर पिवळं, म्हणजे हिरवंच दिसणार. मला हिरवं दिसलं कारण ते हिरवंच होतं." हे शेवटचे वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हटले, कोणाला उद्देशून नव्हे. "पण सायकलला वॉर्निश लावतं कोण? खुर्चीला लावतात ते. चौतीस वर्षांत मी पाहिलं नाही."

नर्सबाई स्टुलावर बसल्या बसल्या हसू लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग डोळ्यांतून पाणी आले.

"मी सांगते कोण लावतं. आमचे हे सुतार आहेत. दरवर्षी घरातल्या खुर्च्या, टेबल, दारं यांना वॉर्निशचा हात. डब्यात थोडं उरायचं, ते वाळून वाया जाऊ नये म्हणून माझ्या सायकलला. मी म्हणायचे, अहो, ती लोखंडाची आहे. तर म्हणायचे, लाकडाला चालतं ते लोखंडाला का चालू नये? लोखंड काय वरच्या जातीचं आहे का?"

"आणि तुम्हाला ती हिरवी झालेली दिसली नाही कधी?"

"मी निळी आणली होती, मास्तर. नंतर बघितलंय कुणी? ड्युटीला उशीर होत असतो, माणूस सीटवर बसतं आणि निघतं."

हवालदार मघापासून पंपाला टेकून उभा होता. "म्हणजे मी बिघडवली नाही?"

"तू सायकल बिघडवली नाहीस," मास्तर म्हणाले. "तू माझी कालची झोप बिघडवली होतीस." आणि ते भिंतीकडच्या पेट्यांवर बसले. अकरा दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला, पण तो धरायला लावलेला जोर अजून अंगात तसाच होता. बाईंनी सवयीने त्यांचे मनगट धरले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाल्या, "होईल कमी. जेवा आणि झोपा."

राहिला प्रश्न सायकलीचा. मास्तरांनी दोन रस्ते सांगितले. सगळीकडे पुन्हा वॉर्निश मारून हिरवी करता येईल, किंवा चेनकव्हरवरचे वॉर्निश काढून, सात ठिगळे निळी करून मूळची निळी करता येईल.

"निळी," बाई म्हणाल्या. "मी गेली चाळीस वर्षं लोकांना निळी सांगतेय. नातीसमोर खोटी पडू का?"

मास्तर त्या दुपारी घरी गेले, पानातले सगळे जेवले, वर आणखी भात मागून घेतला आणि बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "अकरा दिवस हे पोटात ठेवून बसलात? मला विचारलं काय, तर स्वेटर."

"विचारायचं नाही असा नियम..."

"नियम दुकानात. घरात मी आहे. आणि उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय."

"आता कशाला? सिद्ध झालं ना."

"नर्सबाईंनी सिद्ध केलं. मला डॉक्टर पाहिजे."

त्यानंतर ते जे आडवे झाले ते वर सांगितलेच आहे. गुरुवारी सकाळी मास्तरांनी दोरी बांधलेला खोका सोडला, आणि दुपारी डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, अगदी थोडी, वर्षातून एकदा दाखवत चला, सध्या काही करायचे नाही, असे सांगितले. मास्तरांनी खिशातून सात निळ्या ठिपक्यांची पट्टी काढून डॉक्टरांना विचारले की यातला कोणता वेगळा आहे. डॉक्टर म्हणाले, सगळे सारखेच आहेत. मास्तर खूश होऊन घरी आले, कारण सातही वेगळे होते.

पुढचा सबंध आठवडा त्यांनी निळ्यात घालवला. चेनकव्हर स्वतः घासले आणि हवालदाराला टर्पेंटाइनच्या बाटलीपासून चार हात लांब ठेवले. सायकल न्यायला नर्सबाई आल्या तेव्हा त्यांचा सुतार नवराही बरोबर होता. लांबसडक, शांत माणूस. त्याने सायकलीभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकून मडगार्डखाली पाहिले आणि नखाने टिचकी मारली.

"कसा आहे निळा?" बाई म्हणाल्या. "बघा तुम्ही काय झाकून ठेवलं होतं."

"झाकलं नाही. राखलं," सुतार म्हणाला. "मास्तर, खरं सांगा. चाळीस वर्षांच्या सायकलचा रंग इतका ताजा बघितलाय कधी?"

मास्तरांनी खरे सांगितले. "नाही. ऊन लागलंच नाही याला. टवके सोडले तर कारखान्यातून आला तसा आहे."

सुतार उठला, हात झटकले आणि बायकोकडे बघून काही बोलला नाही. न बोलता जेवढे जिंकता येते तेवढे तो जिंकला होता.

"आता घरी गेल्यावर ऐकावं लागणार मला," बाई म्हणाल्या आणि खाली वाकून ठिगळे शोधू लागल्या. बोटे फिरवली, चष्मा चढवला, उतरवला. सातपैकी एकही सापडेना, तेव्हा त्यांनी नाद सोडला आणि दोघे सायकल हाताने ढकलत, वाद घालत निघून गेले.

मास्तरांनी चहा मागवला. दोन. हवालदार अंग आखडूनच बसला होता. फडक्यांच्या प्रकरणापासून तो जरा जपून होता.

"हवालदार, त्या दिवशी तू 'वाळलं की बसेल' म्हणालास. खरं वाटत होतं तुला?"

हवालदाराने कपातला चहा ढवळला. "नाही."

"मग बोललास कशाला?"

"तुमचं तोंड बघवेना."

मास्तर स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. "माझा भाऊ होता थोरला," ते म्हणाले, आणि दवाखान्याच्या पाटीची गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. लाल, विटकरी, दुसरा रंगारी आणि 'हो, टिकलाय' हे सगळे. "डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे. पण वेळ येईल तेव्हा मला कळणार नाही. तुला दिसेल. तेव्हा माझं तोंड बघायचं नाही. सरळ सांगायचं, मास्तर, चुकलं."

"तुम्ही ब्रश फेकून माराल."

"नाही मारणार."

"शब्द?"

"शब्द."

हवालदाराने चहा संपवला, कप खाली ठेवला. "मग एक आत्ताच सांगतो. दुकानाच्या दाराला तुम्ही जो रंग लावलाय तो मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. चिखलासारखा दिसतो."

मास्तरांनी वळून दाराकडे पाहिले, डोळे किलकिले केले. "तो चिखलासारखा नाही. तो दालचिनीचा आहे. तुला कळत नाही."

"हे बघा. लगेच."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिले, या वेळी जरा जास्त वेळ. "संध्याकाळच्या उजेडात थोडा चिखलासारखा दिसतो. थोडा."

"आज एवढं पुरे," हवालदार म्हणाला आणि पंप उचलून बाहेर थांबलेल्या सायकलीकडे गेला.